कापडाला हात कसा लावू द्यायचा?

म्हापशाच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून त्याचा सारांश देते.

बाजारपेठेत सासऱ्यांचं कापडाचं दुकान आहे, त्यांच्या वडिलांनी घातलेलं. साड्या, ड्रेस मटेरियल, ब्लाउजपीस, धोतरं-सोवळी आणि थोडे तयार कपडे. दुकान जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठीच्या सोप्या कराच्या योजनेत. भगिनींचं वय अडतीस. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सहज म्हणून व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर साड्यांचे फोटो टाकले आणि मागण्या येऊ लागल्या. आता सावंतवाडी, बेळगाव, पुण्यापर्यंत कुरिअर जातं. मागच्या वर्षी यजमानांनी स्वतःच्या नावावर वेगळी नोंदणी काढून एका मोठ्या पोर्टलवर कुर्ते विकायला ठेवले. त्यातले बरेच परत आले, काही तर नेसून-माखून. यजमान म्हणतात की दुसऱ्याच्या पोर्टलवर राहिल्यामुळेच असं झालं. घर तारण ठेवून आठ लाखांचं कर्ज काढायचं आणि स्वतःची वेबसाइट नि ॲप करायचं, असं त्यांच्या मनात आहे. सासरे, म्हणजे बाबा, या विषयावर बोलतच नाहीत. एकदाच म्हणाले, "कापडाक हात लायनासतना घेता तें म्हजें गिरायक न्हय." (कापडाला हात न लावता घेतं ते माझं गिऱ्हाईक नव्हे.) भगिनी विचारतात: बाबांना कसं पटवू? नाहीच पटलं तर त्यांना बाजूला ठेवून पुढे जावं का? की हा नादच सोडावा?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चार पानांत 'पटवणं' हा शब्द सात वेळा आला आहे. दुकानात आज नेमका किती माल पडून आहे, हे मात्र एकदाही आलेलं नाही. मला तुमची खरी अडचण या दुसऱ्या गोष्टीत दिसते. पण आधी बाबांविषयी बोलू, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे.

बाबा ऑनलाइनच्या विरुद्ध आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. तुमचंच पत्र मला काही वेगळं सांगतं. गल्ल्यावरची 'पैसे जमा झाले' असं बोलणारी डबी बाबांनी स्वतः बँकेत जाऊन आणली. सुरतेचा व्यापारी नव्या डिझाइनचे फोटो त्यांच्याच फोनवर पाठवतो आणि ते बघून बाबा तिथल्या तिथे ऑर्डर देतात. अशा माणसाला फोनची भीती वाटते असं कसं म्हणायचं? तुमच्या घरात ऑनलाइन धंदा सगळ्यात आधी कुणी सुरू केला असेल तर तो बाबांनी, खरेदीच्या बाजूने.

आता मला सांगा, सुरतेचा माल ते नुसत्या फोटोवर कसा घेऊ शकतात? त्या व्यापाऱ्याचा माल वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखालून गेला आहे म्हणून. डिझाइनचं नाव ऐकलं की त्यांच्या बोटांना पोत आठवतो. तुमच्या पोर्टलवर कुर्ता मागवणाऱ्या नागपूरच्या मुलीच्या बोटांना तो आठवत नाही. तिला फक्त फोटो दिसतो. कुर्ता हातात पडल्यावर तिला तो जाडसर लागतो, खांद्यात ओढतो, रंग थोडा वेगळा वाटतो, आणि ती तो परत करते. बाबांचं ते एक वाक्य तुम्ही हट्ट म्हणून वाचलंत. मला त्यात तुमच्या परत आलेल्या कुर्त्यांचं निदान दिसतं.

माझं माहेर साखळीचं, कापडवाल्यांचं. वडील गादीवर बसायचे, शेजारी लोखंडी गज. बाई साडी बघायला आली की ते किंमत आधी सांगत नसत. घडी उलगडून पदराचं टोक तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायचे. तिथली कातडी नाजूक असते, टोचणारं सूत तिथे लगेच कळतं. मग म्हणायचे, "ही दोन धुण्यांनी मऊ पडेल," किंवा "ही घेऊ नका, तुम्हाला फुगेल, अंगासरशी बसणार नाही." गिऱ्हाइकाला परत पाठवणारं हे दुसरं वाक्य त्यांची खरी कमाई होती. त्या वाक्यामुळे ती बाई पुढच्या चवथीला लेकीला घेऊन यायची.

काही वर्षांपूर्वी जावेच्या मुलाच्या लग्नासाठी मी एका वेबसाइटवरून साडी मागवली. खाली 'प्युअर कॉटन' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पार्सल उघडून हात लावला आणि शंका आली. काठाचा एक धागा ओढून काडी लावली. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि हलकी राख पडते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. माझ्या हातात तो मणी आला. पैसे परत मिळाले, पण लग्न होऊन गेल्यावर. ती साडी विकणाऱ्याने मला फसवलं की त्यालाच ठाऊक नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. बाबांना ते ठाऊक असतं. म्हणून मी म्हणते, बाबांना बाजूला ठेवून ऑनलाइन जाल तर दुकानातली सगळ्यात मोलाची गोष्ट मागे ठेवून जाल.

तेव्हा 'कसं पटवू' हा प्रश्न सोडा. बाबांकडे एकच मागणं घेऊन जा: गिऱ्हाइकाला हात लावता येणार नाही, तर तुमच्या हाताला काय लागतं ते मला सांगा, मी लिहून घेते. एकेक साडी त्यांच्यापुढे ठेवायची, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि समोर गिऱ्हाईक बसलंय असं समजून त्यांना बोलू द्यायचं. मग ते बोलणं तसंच फोटोखाली उतरवायचं. समजा असं काहीसं: "सुती, यंत्रमागावरची. पहिली दोन धुणी कडक वाटेल, मग मऊ पडते. रंग आमसुली, ट्यूबलाइटखाली तपकिरी दिसतो, उन्हात जांभळट. पहिल्या धुण्याला थोडा रंग सुटतो, वेगळी धुवा. घामाला बरी, रोज ऑफिसला नेसण्याजोगी. लग्नात मिरवायला हिच्यापेक्षा दुसरी घ्या. लांबी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस ८० सेंटिमीटर जोडलेला." मोठ्या पोर्टलवर असं वर्णन सहसा सापडायचं नाही. तिथे हजारो साड्यांखाली 'एलिगंट', 'ट्रेंडी' हेच शब्द फिरत असतात. 'लग्नाला दुसरी घ्या' हे वाचल्यावर ज्या बाईला लग्नाला साडी हवी आहे ती ही मागवणारच नाही, आणि तुमचं परतीचं भाडं वाचेल.

रंगांची नावं आपल्या भाषेतली ठेवा. राणी, डाळिंबी, अबोली, मोरपंखी, चिंतामणी. 'पिंक' म्हटलं की दहा जणींच्या डोळ्यांपुढे दहा रंग येतात. राणी म्हटलं की आपल्याकडच्या बाईला एकच रंग दिसतो. फोटो दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली काढू नका. फोनचा कॅमेरा लाल आणि जांभळ्या रंगांना हमखास फसवतो. सकाळी दुकान उघडल्यावर दारात, थेट ऊन नसेल अशा उजेडात काढा. एक फोटो पूर्ण घडीचा, एक पदराचा, एक काठाचा अगदी जवळून, आणि एक उलट्या बाजूचा. उलटी बाजू दाखवणारा दुकानदार काही लपवत नाही, हे गिऱ्हाइकाला न सांगता समजतं.

एक सावधगिरी. तुम्ही कुणबी चौकडीच्या साड्याही विकता असं लिहिलंय. कोलवाळच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सांनी ही साडी पुन्हा लोकांपुढे आणली. २०२० साली ते गेले, पण साडीला मागणी राहिली, आणि मागणी आली की नक्कलही येते. लाल-पांढरी चौकट यंत्रमागावर झपाट्याने निघते. यंत्रमागाची साडी विकण्यात काहीच गैर नाही, पण ती हातमागाची म्हणून विकू नका, आणि न बोलता तसा समज होऊ देऊ नका. हातमागाच्या कापडाला काठाशी ताणपट्टीच्या टाचण्यांची बारीक भोकं बहुधा दिसतात, विणीत थोडा कमी-जास्तपणा असतो. बाबांना विचारा, ते डोळे मिटून सांगतील. हँडलूम मार्कचं, म्हणजे हातमागाच्या सरकारी खुणेचं, लेबल असेल तर त्याचाही फोटो टाका.

आता यजमानांच्या ॲपकडे वळू. पोर्टल वाईट होतं म्हणून नुकसान झालं आणि ॲप आपलं असेल तर होणार नाही, असा त्यांचा हिशेब दिसतो. कुर्ते परत आले ते मापामुळे आणि पोतामुळे. ॲप आपलं झालं म्हणून माप बदलत नाही. कागदावर एक हिशेब मांडून बघा. आकडे मी नुसते धरलेत, तुम्ही तुमचे खरे घाला. समजा १०० कुर्ते पाठवले. विकल्या गेलेल्या प्रत्येकामागे खरेदी, कमिशन, भाडं, पॅकिंग वजा जाता १२० रुपये सुटतात. २५ परत आले. परत आलेल्या प्रत्येकामागे जाण्यायेण्याचे आणि पॅकिंगचे मिळून १३० रुपये गेले. ७५ कुर्त्यांचे ९,००० मिळाले, २५ कुर्त्यांपायी ३,२५० गेले, राहिले ५,७५०. परत आलेल्यांतले पाच माखलेले, विकण्याजोगे नाहीत. त्यांची खरेदी ४५० रुपयांप्रमाणे २,२५०. हातात उरले ३,५००. शंभर कुर्त्यांना इस्त्री, फोटो, पॅकिंग, लेबल, तक्रारींना उत्तरं, आणि शेवटी साडेतीन हजार. परतीचा आकडा २५ वरून १० वर आला तर हेच चित्र पार बदलतं. म्हणजे पैसा खर्च करायचाच तर तो परती कमी करण्यावर करा.

तयार कपड्यांसाठी त्याचा उपाय साधा आहे आणि फुकटात होतो. 'एल', 'एक्सएल' यावर विसंबू नका. एका कंपनीचं एल दुसरीच्या एमएवढं असतं. कुर्ता टेबलावर सपाट पसरून टेपने छाती, खांदा, बाहीचा घेर आणि उंची मोजा आणि तेच आकडे इंचांत लिहा. गिऱ्हाइकाला म्हणा, तुमच्या अंगाला नीट बसणारा एक कुर्ता असाच पसरून मोजा आणि पडताळून बघा. हे वाक्य प्रत्येक मालाखाली राहू दे.

ॲपबद्दल मला आणखी एक वाटतं. वर्षातून तीन-चार वेळा कापड घेणारी बाई त्यासाठी फोनमध्ये वेगळं ॲप कशाला ठेवील? ती आधीच व्हॉट्सॲपवर आहे, आणि तुम्हाला तिथेच गाठते आहे. व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप २०१८ पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात मालाचा कॅटलॉग लावता येतो. घरगुती नंबर सोडून दुकानाच्या नावाने वेगळा नंबर घ्या आणि कॅटलॉग तिथे लावा. एक वर्ष एवढंच करा. वेबसाइट लागेल, पण मागणी तुमच्या हातांना आवरेनाशी झाली की लागेल. त्या वेळीही साधी वेबसाइट आठ लाखांच्या कितीतरी आत होते.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी मात्र दचकले. दुकान कंपोझिशनमध्ये आहे आणि साड्या सावंतवाडी, बेळगाव, पुण्याला जातात. कंपोझिशनमध्ये वर्षाला दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर व्यापाऱ्याला एक टक्का कर भरून मोकळं होता येतं, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. पण त्याची एक अट आहे: राज्याबाहेर माल विकायचा नाही. आपलं गोवा राज्य एवढंसं, की म्हापशाहून निघालं की तासाभराच्या आत महाराष्ट्राच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका लागतो. नाक्यापलीकडे बांद्याला आपली सोयरीक, आपलीच बोली, पण तिथे कुरिअरने पाठवलेली साडी कायद्याच्या लेखी परराज्यात विकलेली साडी ठरते. पुण्याच्या दुकानदाराला कोल्हापूर, नागपूर गाठेपर्यंत हा प्रश्न पडत नाही. आपल्याला दाराबाहेर पाऊल टाकल्याबरोबर पडतो. तुमच्यासारखं घरून-दुकानातून विकणाऱ्या पेडणे, डिचोली, काणकोणच्या बायकांनीही हे वाचून ठेवावं.

यातून वाट आहे. कंपोझिशनमध्ये राहून त्या दीड कोटीच्या मर्यादेत गोव्याच्या आत हवं तेवढं विका. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा दुकानदारांना राज्यातल्या राज्यात पोर्टलवरूनही विकायची मुभा मिळाली आहे. बाहेरचं पार्सल यजमानांच्या नियमित नोंदणीवरून, त्यांच्या बिलावर जाऊ दे. त्यासाठी बाबांच्या दुकानातून यजमानांकडे गेलेल्या मालाचंही बिल हवं. नाहीतर सगळंच दुकान नियमित योजनेत न्या: साडीवर कापड म्हणून ५ टक्के, शिवलेल्या कपड्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण विवरणपत्रांचं काम वाढतं. यातलं काय परवडेल हे तुमच्या सीएला आकडे दाखवून ठरवा, आणि या महिन्यातच ठरवा. आजवर बाहेर गेलेल्या पार्सलांबद्दलही त्यांना मोकळेपणाने सांगा. घाबरून काही लपवू नका.

बाहेरच्या गिऱ्हाइकाची ओढ मला कळते. 'पुण्याहून ऑर्डर आली' म्हटलं की किती बरं वाटतं. पण तुमच्या दुकानात असं काय आहे जे देशभरच्या हजार दुकानांत नाही? कुर्ते तर नक्कीच नाहीत. मी तुमची मालाची यादी वाचत होते आणि सोवळ्यांवर येऊन थांबले. देवळात पूजेला बसणाऱ्याला लागणारं सोवळं आणि उपरणं, ओटीचे खण, नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटरचं अखंड लुगडं. घरच्या म्हाताऱ्या माणसाला हवं तसं नऊवारी मिळेना म्हणून वणवणणाऱ्या सुना-नाती मी पाहिल्या आहेत. तुमच्या बाबांना त्यातलं सगळं माहीत आहे: कुठल्या उंचीच्या बाईला किती लांबी, कुठल्या सुताचा काष्टा सुटत नाही. इथे तुमच्याशी चढाओढ करायला फार कुणी नाही.

दुसरं म्हणजे पथकं. चवथीच्या फुगड्या, धालो, भजनी मंडळं, शिमग्याचे मेळ. पंधरा-वीस जणींना एकाच रंगाची, एकाच काठाची साडी हवी असते आणि ती दुकानोदुकानी फिरून मिळत नाही. बारा मिळतात, तीन कमी पडतात. अशा मंडळाच्या प्रमुख बाईला तुम्ही तीन नमुन्यांचे फोटो पाठवा. नंतर एक-एक नमुना प्रत्यक्ष पाठवा, म्हापशाहून सुटणाऱ्या बसवाल्याच्या हातून, जसं आपण पूर्वीपासून पाठवतो. वीस जणी हात लावून बघतील, ठरवतील, मगच वीस नग जातील. परतीचा प्रश्नच येत नाही, सगळं गोव्याच्या आत, आणि आगाऊ रक्कम यूपीआयवर. बाबांना हवा असलेला हात आणि तुम्हाला हवा असलेला फोन असे एकाच कामात येतात. श्रावण लागायच्या आधी दोन महिने ही तयारी करा, म्हणजे सुरतेहून किंवा इचलकरंजीहून एकाच रंगाचा लॉट मागवायला अवधी राहील.

हे सगळं करायचं तर मी सुरुवातीला म्हटलं ती गोष्ट लागते: माल किती आहे हे ठाऊक असणं. तुम्ही लिहिलंय की स्टेटसवर टाकलेली साडी दोनदा अशी झाली की इकडे तुम्ही 'आहे' म्हणालात आणि तिकडे बाबांनी ती सकाळीच विकली होती. याला तुम्ही घरातला बेबनाव म्हणता. मी याला नोंद नसणं म्हणते. दुकानात बसून विकताना ही उणीव झाकली जाते, कारण बाबांच्या डोक्यात सगळं आहे, कुठल्या फळीवर कितवी घडी ते सुद्धा. फोनवर विकायला लागल्याबरोबर ती उघडी पडते. पैसे घालायचेच असतील तर पहिले इथे घाला: बारकोडची छोटी मशीन, लेबलं, बिलाचं साधं सॉफ्टवेअर. एकदम सगळं दुकान घेऊ नका. आधी फक्त नऊवारी आणि सोवळी. प्रत्येक नगावर लेबल आणि प्रत्येक विक्रीची त्याच क्षणी नोंद. दर रविवारी फळीवरचे नग मोजायचे आणि नोंदीशी ताळा घालायचा. तीन महिन्यांत तुम्हाला कळेल काय हलतंय आणि काय वर्षभर जागचं हललेलं नाही. आपल्या पावसाळ्यात पडून राहिलेला माल नुसता पडून राहत नाही. दमट हवेत जरीचा काठ काळा पडतो, सुती कापडाला बुरशीचा वास लागतो. अडकलेले पैसे फळीवरच कुजतात, आणि ते किती हे कुणी मोजलेलं नसतं.

फोनवरच्या पैशांबद्दल दोन शब्द. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट बघून पार्सल सोडू नका, तो बनवता येतो. बँकेत जमा झाल्याची खूण आपल्या बाजूला दिसली की मगच सोडा. आणि 'पैसे पाठवतोय, पिन टाका' असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. दुकानातल्या मुलालाही हे शिकवा.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही, त्यावर येते. रात्री अकरापर्यंत तुम्ही गिऱ्हाइकांना उत्तरं देता, फोटो काढता, पार्सलं बांधता, आणि सकाळी डबे. पत्रात तुम्ही याला 'माझी थोडी मदत' म्हटलंय. बाये, दोन वर्षं दुकानाला नवी गिऱ्हाइकं आणून देणं म्हणजे मदत नव्हे, तो धंदा आहे, आणि तो तुम्ही उभा केलाय. तो कुणाच्या नावावर आहे? तुमच्या नावाने पगार निघतो का, की भागीदारीत नाव आहे? दोन्ही नसेल तर ॲपच्या आधी हे बोला. उत्तरं द्यायची वेळ ठरवा, समजा रात्री आठपर्यंत, आणि ती नंबराखाली लिहून टाका. गिऱ्हाईक थांबतं. दुकान संध्याकाळी बंद होतं म्हणून कधी कुणी रागावलंय का?

आणि कर्ज. घर तारण ठेवायचं तर सह्या लागतील. घर बाबांच्या नावावर असेल तर बाबांच्या आणि सासूबाईंच्या, यजमानांच्या नावावर असेल तर तुमचीही. आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि बायकोच्या संमतीशिवाय घर-जमिनीचा व्यवहार होत नाही. कर्जाचा भारही एकट्या नवऱ्यावर राहील असं धरून चालू नका. सही करण्याआधी वकिलाला एकदा विचारा. यजमानांवर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. त्यांना काहीतरी करून दाखवायचंय, पोर्टलवर हात पोळलेत, आणि बापाच्या गप्प बसण्याने ते दुखावलेत, एवढं मला पत्रातून दिसतं. त्यांना एका वर्षाची मुदत मागा. तोवर नऊवारीची नोंद आणि पथकांच्या ऑर्डरी यजमानांनीच सांभाळाव्यात. पोर्टलवर वर्ष काढल्यामुळे बिलं, पार्सलं, तक्रारी यांत त्यांचा हात बसलाय, तो वाया जाऊ नये. नंतर पैसा लागलाच तर छोट्या धंद्याला दहा लाखांपर्यंत मुद्रा कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. त्यासाठी बँक विक्रीचे आकडे मागेल, आणि ते तेव्हा तुमच्याकडे असतील.

बाबांकडे जाल तेव्हा यातलं काहीही आधी काढू नका. कर्ज नको, ॲप नको, सीए नको. एक नऊवारी घ्या, त्यांच्या पुढ्यात उलगडा आणि म्हणा, "बाबा, काणकोणच्या एका मावशींना ही हवीय, त्यांना येणं जमत नाही, फोनवर ही कशी सांगू?" मग फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा आणि मधे बोलू नका. दुपारचं जेवण झालं की दोन ते चारमध्ये जमवा. फक्त शुक्रवार टाळा. बाजाराच्या दिवशी त्यांना पाणी प्यायलाही सवड नसते.